केव्हा विचारणाऱ्या मॅडम

अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या इंटर्न मुलांना परवा मी तंबाखूच्या पेशंटशी कसं बोलायचं ते दाखवत होते. समोर बडनेऱ्याचे एक काका बसले होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. मान खाली, हातात टोपी, चेहऱ्यावर शाळेत उशिरा आलेल्या पोराचे भाव. आता आपल्याला बोलणी खायची आहेत हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मी विचारलं, "काका, पह्यला खर्रा केव्हा खाल्ला होता? आठवते काय?"

काकांनी मान वर केली. "आठवते ना बाई. नवीन नवीन गँगमध्ये लागलो होतो. उन्हाचं रुळावर काम. मुकादमानं हातावर ठेवला. म्हने, खा लेका, तहान लागत नाही." आणि मग ते बोलतच राहिले. मुकादमाबद्दल, उन्हाबद्दल, बायकोनं एकदा सगळ्या पुड्या विहिरीत टाकल्या त्याबद्दल. जाताना स्वतःहूनच म्हणाले, "पुढच्या मंगळवारी येऊ काय?"

ते गेल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्यांना का खाता असं विचारलंच नाही. हे कुठल्या पुस्तकात आहे?"

पुस्तकात असेलही. मी ते माणसाकडून शिकले. पण कोणाकडून ते तिनं विचारलं नाही आणि बाहेर रांग मोठी होती, म्हणून मीही सांगितलं नाही. दिवसभर मात्र नसरीन मॅडम डोक्यातून हलल्या नाहीत.

नसरीन मॅडम आम्हाला अकोल्याला मेडिकल कॉलेजात शिकवायला होत्या. विषय कम्युनिटी मेडिसीन, म्हणजे ज्या तासाला मुलं मागच्या बाकावर झोप पुरी करतात तो. मॅडमच्या तासाला हे जमत नसे, कारण मॅडम वर्गात आधीच येऊन मागच्याच बाकावर बसलेल्या असायच्या. अंगानं बारीक, उंच, पूर्ण बाह्यांचा सुती ड्रेस, खांद्यावर ओढणी आणि काखेत एक भलीमोठी पर्स. त्या पर्समधून स्टेथोस्कोपबरोबर खारे दाणे, चिंचेचे गोळे, हंगामात बोरं असं काय काय निघायचं. तासाच्या मध्येच एखाद्याच्या हातावर बोरं ठेवून त्या पुढचं वाक्य बोलत.

मूर्तिजापूरला राहायच्या आणि रोज पॅसेंजरनं अकोल्याला यायच्या. लग्न केलं नव्हतं. घरी वडील होते, त्यांना त्या अब्बा म्हणायच्या. शिकवताना त्यांची मराठी अगदी साफ, पुस्तकी. पण बोलणं मनाजवळ आलं की वऱ्हाडी सुरू व्हायची, आणि राग आला तर घरची हिंदी. तीन वर्षांत मी ती हिंदी फार तर एक-दोनदा ऐकली.

आमची नावं त्यांनी कधी पाठ केली नाहीत. त्या गावावरून हाक मारायच्या. मी अंजनगावची, म्हणून मी "अंजनगाव". माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमधला प्रफुल "तेल्हारा". पुण्याहून आलेला अद्वैत म्हणजे "कोथरूड". अद्वैतला सुरुवातीला याचा राग यायचा. वऱ्हाडी बोलणं त्याला आधीच भांडल्यासारखं वाटे, त्यात हे. पण नंतर नंतर मेसवालासुद्धा त्याला "ओ कोथरूड, भाजी घ्या" म्हणायला लागला.

आमच्या वर्षाला मॅडमनी एक वेगळंच प्रशिक्षण सुरू केलं. तंबाखू सोडवायला पेशंटला मदत कशी करायची ते. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "ज्यांनी तंबाखू, खर्रा, सिगारेट यातलं काहीच कधी घेतलं नाही त्यांनी पुढं बसा. जे घेतात त्यांनीही पुढंच बसा. मागं कोणीच बसायचं नाही, मागची जागा माझी आहे." वर्ग हसला. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. होस्टेलमध्ये रात्रीचा अभ्यास सिगारेटवर चालायचा. आणि खर्रा तर काय, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर घोटून केलेली ती पुडी आमच्या वऱ्हाडात चहाइतकी सर्रास चालते. उद्याचे डॉक्टर म्हणून तिनं आम्हाला काही वगळलं नव्हतं.

मग मॅडमनी सांगितलं, "आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. जातात का?"

सगळा वर्ग तोंडात बोटं घालून बसला. मुलींना हसू आवरेना. सततच्या सुपारीनं गाल आतून कडक होत जातो, तोंड उघडायचं कमी होतं आणि अशाच तोंडात पुढं कॅन्सर धरू शकतो, हे आम्ही वाचलेलं होतं. पण ते पेशंटचं. माझ्या शेजारी प्रफुल बसला होता. त्यानं बोटं ओठांपर्यंत नेली आणि रुमालानं तोंड पुसल्यासारखं करून खाली घेतली. मी पाहिलं. मागच्या बाकावरून मॅडमनीही पाहिलं असणार, कारण तास संपल्यावर त्या सहज म्हणाल्या, "तेल्हारा, अंजनगाव, चला, चहा घेऊ."

त्यांच्या खोलीत चहा आला. प्रफुलनं कप उचलला नाही. मॅडमनी काहीच विचारलं नाही. खारे दाणे सोलत बसल्या. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, दोन बोटं जातात. तिसरं जात नाही."

"केव्हापासून?"

"तिसरं जात नाही ते या वर्षीपासून. तिखट तर आधीच बंद झालं, आग होते."

"आणि खर्रा केव्हापासून?"

"बारावीच्या ट्यूशनले अकोल्यात आलो तवापासून. झोप येऊ नाही म्हणून."

"कोणी देल्ला पह्यले?"

प्रफुलनं कप दूर सारला. "भावानं. मोठ्या. तो वावर पाहते, शिकला नाही. म्हणे, यानं अभ्यास होते, तू डॉक्टर हो. माह्या चांगल्यासाठीच देल्ला होता मॅडम त्यानं." एवढं बोलून तो एकदम रडायलाच लागला. दणकट, सहा फुटी पोरगा. मॅडमनी त्याच्यासमोर सोललेले दाणे ठेवले आणि म्हणाल्या, "मऊ आहेत, चावता येईन."

त्या दिवशी त्यांनी त्याला सोड असं म्हटलं नाही. पहिल्या भेटीत "सोडा" म्हणायला आम्हालाही बंदी होती. मॅडम म्हणायच्या, "सोडाचं त्याले मालूम असते. पूर्ण गाव सांगून राह्यलं असते. त्याच्यासाठी डॉक्टर कायले पाह्यजे?" आणि दुसरं, 'कावून', म्हणजे 'का', असं विचारायचं नाही. "कावून खाता, असं विचारलं का माणूस खोटं बोलते. केव्हा, असं विचारलं का खरं बोलते." तंबाखूच्या ओपीडीत त्या पांढरा कोटही घालत नसत. "कोट पाहून माणूस तोंड बंद करते. मले तर त्याचं तोंड उघडं पाह्यजे."

हे सगळं आम्हाला पटायला वेळ लागला. अद्वैतला तर फारच. तो आमच्यातला हुशार मुलगा. एकदा मॅडम स्वतः पेशंट झाल्या आणि अद्वैत डॉक्टर. मॅडमनी ओढणी डोक्याला मुंडाशासारखी गुंडाळली, स्टुलावर बसल्या आणि आमच्या डोळ्यांदेखत एक दमलेला गवंडी होऊन गेल्या. खांदे पडले, एक गाल फुगला. आम्ही हसलो आणि हसता हसता गप्प झालो.

अद्वैतनं सुरुवात केली. "यात किती घातक रसायनं आहेत याची तुम्हाला कल्पना आहे का?"

"नाही सायेब."

मग अद्वैतनं ती सगळी सांगितली. कॅन्सर कसा होतो, किती वर्षांत होतो, पुढं बायकामुलांचं काय होतं. गवंडी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. "हाव सायेब. बराबर हाय सायेब. आजपासून बंद सायेब." हात जोडून तो दारापर्यंत गेला. अद्वैत आमच्याकडे वळून हसला.

मॅडमनी ओढणी सोडली. "हा माणूस बाहेर गेला. पह्यले काय करन?"

आम्ही दाराकडे पाहिलं.

"खर्रा खाईन. तुझ्या भाषणानं त्याचं डोकं दुखून राह्यलं."

वर्ग हसला आणि अद्वैतचा चेहरा पडला. पुढच्याच आठवड्यात त्यानं त्याची परतफेड केली. मूर्तिजापूरच्या एका मुलाकडून त्याला काहीतरी कळलं होतं. भर वर्गात उभा राहून त्यानं विचारलं, "मॅडम, तुमच्या वडिलांचा स्टेशनबाहेर पानठेला आहे, हे खरं आहे?"

"खरं आहे. मी तिथंच बसून पाढे पाठ केले."

"तिथं खर्रा मिळतो?"

"मिळतो. चांगला मिळतो, लोक लांबून येतात."

"मग आम्हाला शिकवण्याआधी तो बंद करायला नको का?"

 मॅडम हिंदीत जाणार असं मला वाटलं. पण त्यांनी हातावरचा खडू झाडला आणि शांतपणे म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे तुझा. माझ्याजवळ अर्धंच उत्तर आहे. बाकीचं अब्बाजवळ आहे. रविवारी येतो का विचारायला?"

अद्वैतला नाही म्हणता येईना. एकटं जायचीही त्याला हिंमत नव्हती, म्हणून प्रफुल आणि मी बरोबर निघालो. प्रफुलनं तोवर खर्रा सोडला होता. तीन-चार आठवडे झाले असतील. खिशात पुडीऐवजी निकोटिनचा च्युइंगम आणि मॅडमनी दिलेली बडीशेप. चिडचिड करायचा, वह्या आपटायचा, पण खात नव्हता.

मूर्तिजापूर स्टेशनच्या बाहेर लिंबाखाली हिरव्या रंगाचा लाकडी ठेला होता. पानांवर ओलं लाल फडकं, बाजूला एक बाक. अब्बा आत मांडी घालून बसलेले. पांढरी दाढी, जाळीची टोपी, दोरीनं बांधलेला चष्मा. मॅडम पुढं होऊन म्हणाल्या, "अब्बा, बच्चे आए हैं." आम्हाला पाहून ते एवढे खूश झाले की त्यांनी बाकावर आधीच बसलेल्या दोघांना उठवलं. मी अंजनगावची म्हटल्यावर तर विचारूच नका. अंजनगावच्या पानमळ्यांची पानं त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येत होती. "तुमच्या गावच्या पानानं माही पोरगी डॉक्टर झाली बेटा," ते म्हणाले. मॅडम लाजल्या. मॅडमना लाजताना मी तेव्हाच पाहिलं.

चहा झाला. अद्वैत बाकाचा रंग खरवडत बसला. मग मॅडमच म्हणाल्या, "अब्बा, हा पोट्टा विचारते, ठेला बंद कावून नाही केला?"

वर्गात ज्या शब्दाला बंदी होती तो त्यांनी स्वतःच वापरला. अब्बांनी चष्मा काढला.

"मी तर बंद करतच होतो बेटा. सलीम गेला तवाच. सलीम म्हनजे हिचा धाकला भाऊ. इथंच बसे माह्याजवळ. गिऱ्हाईकाचं घोटता घोटता आपलंही घोटे. गाल आतून पिकला. नागपूरले नेला, कापाकापी झाली, काही उपयोग नाही झाला. त्याले माती देऊन आलो आन् म्हनलं, आता हे बंद. हिनं मले थांबवलं."

अद्वैतनं मॅडमकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. मॅडम रुळांकडे पाहत होत्या.

"मले एमडी करायचं होतं," त्या म्हणाल्या. "घरात दुसरं काही येत नव्हतं. मी म्हनलं, अब्बा, माहं शिक्षण होऊ द्या, मंग पाहू."

"आणि झाल्यावर?" अद्वैतनं हळूच विचारलं. त्याचा आवाज पार बदलला होता.

"झाल्यावर माह्या तोंडून शब्द निघाला नाही. मले गरज होती तवा चालू ठेवा म्हनलं. गरज संपल्यावर बंद करा, असं कोणत्या तोंडानं म्हनू? मी दुनियेले सांगते, अब्बाले नाही सांगू शकत. हे अर्धं उत्तर माहं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. अब्बांचे हात सवयीनं कामाला लागले. पन्नी पसरली, सुपारी, तंबाखू, चुना आणि ते घोटू लागले. तो वास बाकापर्यंत आला. माझ्या शेजारून प्रफुल ताडकन उठला.  तो चालायला लागला, मग जवळजवळ पळायलाच लागला, स्टेशनच्या कडेनं, शकुंतला म्हणतात त्या जुन्या छोट्या गाडीच्या लाइनीकडं. मॅडमनी पर्स बाकावर टाकली आणि त्याच्या मागं गेल्या. मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागं.

त्या अरुंद रुळांवर गवत वाढलं होतं. प्रफुल तिथं वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. "मॅडम, तोंडाले पाणी सुटलं. लाज वाटून राह्यली."

"लाज कायची? लाळ आहे ते. तिले काय समजते?" मॅडम त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकलं माहं. तुले इथं आणाले नव्हतं पाह्यजे. मी कोथरूडच्या प्रश्नाचा विचार केला, तुहा केलाच नाही. माफ कर मले."

शिक्षकानं विद्यार्थ्याची माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती.  तलफ काही मिनिटांची असते, तेवढा वेळ काढायचा असतो, हे मॅडमनीच शिकवलं होतं. तो वेळ त्यांनी त्याला गोष्टी सांगून काढला. लहानपणी सलीम आणि त्या ही छोटी गाडी चालू असतानाच खाली उतरायचे, बाजूनं पळत तिच्या पुढं जायचे आणि पुन्हा चढायचे. ड्रायव्हर शिव्या द्यायचा. "सलीम नेहमी पह्यले चढे. मंग मले हात देऊन वर ओढे," त्या म्हणाल्या. प्रफुल सरळ उभा राहिला. माझ्या हातातली बाटली घेऊन त्यानं चूळ भरली.

मी मागं वळून पाहिलं. अब्बा ठेल्यातून आमच्याकडे पाहत होते. गिऱ्हाईक हात पुढं करून ताटकळत उभं होतं आणि घोटलेली पन्नी अब्बांच्या हातातच होती.

परतीच्या गाडीत अद्वैत खिडकीशी बसला. अकोला आल्यावर उतरताना एवढंच म्हणाला, "मी त्यांना वर्गात असं विचारायला नको होतं." प्रफुल म्हणाला, "विचारलंस ते बरं झालं लेका."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडम एकदा तासाला उशिरा आल्या. असं कधी झालं नव्हतं. मागच्या बाकाकडे न जाता टेबलाजवळच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अब्बांनी ठेला बंद केला." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडमनी हात वर करून त्या थांबवल्या.

"मी सांगितलं नाही. कोणीच सांगितलं नाही. काल सकाळी ते गेलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, त्या दिवशी ते पोरगं पळालं ते मी पाह्यलं. आपल्या सलीमले असं पळता आलं असतं तर..."  त्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी त्यांनी शिकवलं नाही आणि आम्हीही कोणी उठलो नाही. प्रफुल पहिल्या बाकावर डोकं खाली घालून बसला होता.

ही गोष्ट इथं संपली असती तर छान झालं असतं. पण मॅडमच्या खोलीत नंतर कधी अब्बांची चौकशी केली की त्या खिन्न हसायच्या. "सकाळी कपडे घालून तयार होतात आणि पलंगावर बसतात. जायचं कुठंच नसते. स्टेशनवरचे हमाल, टांगेवाले, मास्तर, सगळी दुनिया त्या ठेल्यावर भेटत होती त्यांना. आता कोणी येत नाही." एकदा त्या म्हणाल्या, "आपण पेशंटले म्हणतो, सोडलं का सगळं चांगलं होते. तसं म्हणत जाऊ नका. काहीतरी जातेच. काय जाईन ते आधी त्याले विचारा." आज मी माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा ते लिहून घेतात. आम्ही लिहून घेतलं नव्हतं. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

प्रफुलचंही सरळ झालं नाही. फायनलच्या परीक्षेत तो पुन्हा खायला लागला. लाजेनं मॅडमच्या वाटेनं जाईना. त्या समोरून आल्या की जिन्यानं वर जायचा. मॅडमनी त्याला एकदाही बोलावणं धाडलं नाही. मला भेटल्या की विचारायच्या, "तेल्हारा बरा आहे?" खातो का, असं कधी नाही. मी म्हणायची, बरा आहे. त्या म्हणायच्या, "त्याले सांग, मंगळवारी आणि शुक्रवारी मी बसते." हे त्याला माहीतच होतं. तरी मी दर वेळी सांगायची आणि तो दर वेळी चिडायचा.

इंटर्नशिपमध्ये माझी ड्युटी मॅडमच्या ओपीडीत होती. एका शुक्रवारी रांग संपत आली आणि सगळ्यांत शेवटी, हातात केसपेपर घेऊन, प्रफुल उभा. इंटर्न असून तो पेशंटच्या रांगेत उभा राहिला होता, कोट न घालता. मॅडमनी वर पाहिलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"नाव?"

"प्रफुल."

"गाव?"

"तेल्हारा."

"पह्यल्यांदा आले का?"

"नाही मॅडम. परत आलो."

"बसा," मॅडम म्हणाल्या. मग केसपेपर स्वतःकडे ओढला. "परत येणारा माणूस मले सगळ्यात जास्त आवडते."

त्यानंतर प्रफुलनं खर्रा खाल्ला नाही. आज तो तेल्हाऱ्याला दवाखाना चालवतो. गालाचे उपचार झाले, व्यायाम झाले, पण तोंड अजूनही पुरतं उघडत नाही आणि लग्नात सगळे वांग्याच्या भाजीवर ताव मारत असताना तो दहीभात खातो. त्याच्या मोठ्या भावानंही खर्रा सोडला. ती हकिगत तो फार रंगवून सांगतो, पण ती त्याची आहे, त्यानंच सांगावी.

मॅडम निवृत्त झाल्या. ओपीडीची ती खोली आता दुसऱ्या कामाला आहे. मी मधे एकदा अकोल्याला गेले होते तेव्हा त्या दारापर्यंत गेले. आतून एक अनोळखी मुलगी म्हणाली, "कोण पाहिजे?" कोणी नाही म्हटलं आणि परत फिरले. मॅडमना फोन करायचं मी कितीदा ठरवलं. सणाला करायची, ईदला करायची. एरवी राहून जायचं. त्यांचा आवाज फोनवर तसाच असे. "बोल अंजनगाव, पानमळा काय म्हणते?"

एका सकाळी त्या झोपेतच गेल्या. मला आठवड्यानं कळलं, प्रफुलकडून. मी पुण्याला अद्वैतला फोन लावला. तो आता छातीच्या रोगांचा मोठा डॉक्टर आहे. मॅडम गेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मले कोणी सांगितलं कावून नाही?" इतकी वर्षं झाली, त्याच्या तोंडून वऱ्हाडी मी कधी ऐकली नव्हती.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते त्या जाण्याच्या आदल्या हिवाळ्यात. बडनेऱ्याहून गाडीत बसले होते, मुंबईला एका परिषदेसाठी. एसी डबा, बंद काच. मूर्तिजापूरला गाडी थांबली. संध्याकाळ उतरत होती आणि फलाटावर मॅडम आणि अब्बा फिरत होते. अब्बा पार वाकले होते, अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. मॅडमचे केस पांढरे झालेले. अब्बांचा हात त्यांच्या हातात, आणि दोघंही अब्बांच्या चालीनं चाललेली.

मी काचेवर टकटक केली. आधी त्यांना कळेना. मग दिसले मी. चेहरा एकदम उजळला. काचेशी आल्या आणि काहीतरी बोलल्या. मला ऐकू येईना. मी कानाकडे हात नेला. त्या पुन्हा बोलल्या, जोरात, पुरं वाक्य, हसत हसत. मला एक अक्षर कळलं नाही. उठून दाराकडे जावं तर वाटेत सामानाच्या बॅगा आणि बाया. तेवढ्यात गाडीला धक्का बसला.

काय म्हणाल्या असतील ते मी पुढं फोनवर विचारायचं ठरवलं होतं. विचारलं नाही.

त्यांनी हातानंच मला बस, बस म्हटलं. मग त्या अब्बांच्या कानाशी वाकल्या. मी कोण ते सांगत असणार. अब्बांनी मान हलवली, हात उचलला आणि मोठ्या प्रेमानं माझ्या पुढच्या डब्याला निरोप द्यायला लागले. मॅडमना हसू आलं. त्यांनी तो हात मनगटाशी धरला आणि हळूच माझ्या खिडकीकडे वळवला. तोवर माझी खिडकी पुढं गेली होती.